स्वतःच्या सर्व्हरवर डेटा ठेवायचा असेल, तर आधी तो परत उभा करून पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे : कुटुंबाचे बारा-तेरा वर्षांचे फोटो, महत्त्वाची कागदपत्रे, पत्ते, दिनदर्शिका आणि पासवर्ड हे सारे सध्या एका मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर आहे. ते तिथून काढून स्वतःच्या संगणकावर, स्वतः चालवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायचे मनात आहे. एक जुना पण धडधाकट संगणक आणि प्रत्येकी चार टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क हाताशी आहेत. यातून गोपनीयता आणि मालकी खरोखर वाढेल का, आणि सुरुवात कुठून करावी?

लहान कार्यालयांचे आणि काही कुटुंबांचे सर्व्हर सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि माझे उत्तर ‘हो, वाढेल’ असेच आहे. मात्र बहुतेक जण हे काम ज्या क्रमाने हाती घेतात तो क्रम मला उलटा वाटतो. आधी सॉफ्टवेअर निवडले जाते, मग ते बाहेरून वापरता यावे म्हणून राउटरचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचा दरवाजा, उघडला जातो, मग सगळा डेटा त्यात ओतला जातो, आणि बॅकअपचे काम सवड मिळेल तेव्हा करू म्हणून मागे पडते. माझ्या मते डेटा तुमच्या मालकीचा झाला असे त्या दिवशी म्हणता येते, ज्या दिवशी तुम्ही तो एका कोऱ्या यंत्रावर, कोणाचीही मदत न घेता, परत उभा करून पाहता. डिस्क तुमच्या कपाटात आहे एवढ्याने ते सिद्ध होत नाही.

गोपनीयता आणि मालकी हे शब्द आपण जोडीने वापरतो, पण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. गोपनीयतेचा प्रश्न ‘माझा डेटा कोण वाचू शकतो’ हा आहे, तर मालकीचा प्रश्न ‘तो माझ्यापासून कोण तोडू शकतो, आणि मला हवे तेव्हा तो घेऊन बाहेर पडता येते का’ हा आहे. न्यू यॉर्क टाइम्सने ऑगस्ट २०२२ मध्ये दिलेल्या एका वृत्तात दोन्ही प्रश्न एकत्र दिसतात. एका वडिलांनी डॉक्टरांना पाठवण्यासाठी आपल्या लहान मुलाचे फोटो काढले, ते आपोआप गूगलच्या क्लाउडवर गेले, तिथल्या स्वयंचलित तपासणीने ते आक्षेपार्ह ठरवले आणि त्यांचे संपूर्ण खाते बंद झाले. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवल्यावरही खाते परत मिळाले नाही. फोटो वाचले गेले हा गोपनीयतेचा भाग झाला. ईमेल, पत्ते आणि वर्षानुवर्षांचे सारे फोटो एका निर्णयाने हातचे गेले हा मालकीचा. नुसत्या मालकीचे उदाहरण हवे असेल तर मायस्पेसचे पाहा. सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत चढवलेले संगीत नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. त्यात कोणी कोणाचे काही चोरून वाचले नव्हते, तरीही ज्यांची एकमेव प्रत तिथे होती त्यांचे संगीत गेले.

आता दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. मोठ्या क्लाउड कंपन्या तुमच्या फाइलच्या प्रती अनेक यंत्रांवर ठेवतात, बिघडलेली डिस्क तुमच्या नकळत बदलतात, आणि त्यांच्याकडे रात्रंदिवस जागणारी माणसे असतात. स्वतःचा सर्व्हर उभा केला की हे सगळे काम तुमच्याकडे येते. त्यामुळे वाचले जाण्याचा धोका कमी होतो, पण नीट तयारी केली नसेल तर नष्ट होण्याचा धोका वाढतो. मुलांच्या लहानपणीचे फोटो परक्याने पाहण्यापेक्षा ते कायमचे हरवणे बहुतेक कुटुंबांना अधिक दुःख देते, असा माझा अनुभव आहे.

म्हणून पहिला निर्णय संगणकासमोर न बसता घ्यायचा असतो : आपल्याला डेटा नेमका कोणापासून सांभाळायचा आहे? सेवा देणाऱ्या कंपनीपासून, यंत्र चोरून नेणाऱ्यापासून, इंटरनेटवरून घुसणाऱ्यापासून, की स्वतःच्याच चुकीपासून? सेल्फ-होस्टिंग, म्हणजे सेवा स्वतःच्या यंत्रावर चालवणे, यातल्या फक्त पहिल्या प्रश्नाचे थेट उत्तर देते. कंपनीने फाइल वाचू नये एवढीच तुमची गरज असेल, तर क्रिप्टोमेटरसारख्या सॉफ्टवेअरने फाइल आपल्याच यंत्रावर एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलून, आहे त्याच क्लाउडवर ठेवणे हा अतिशय चांगला मार्ग आहे, आणि त्यासाठी सर्व्हर लागत नाही. उलट भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर सगळे ठेवले की आपण स्वतंत्र झालो, हा समज अपुरा आहे. ते यंत्र ज्याच्या ताब्यात असते त्याला चालू यंत्राच्या मेमरीपर्यंत पोहोचता येते, आणि तिथे तुमची एन्क्रिप्शनची किल्ली उघडी असते. भाड्याच्या सर्व्हरने मालकी वाढते. गोपनीयता मात्र एका कंपनीकडून उचलून दुसरीच्या हाती दिली जाते. तुमचे यंत्र तुमच्याच जागेत असणार आहे, त्यामुळे या बाबतीत तुमची सुरुवात चांगली आहे.

आता त्या दोन डिस्क. बहुतेक मार्गदर्शिका तुम्हाला त्या रेड या अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीने जोडून एकमेकींचा आरसा करायला सांगतील. मी तसे करू नका असे सांगेन. रेडचा उपयोग एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहावे यासाठी असतो. चुकून पुसलेली फाइल आरशातल्या दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते, आणि खंडणीसाठी फाइल एन्क्रिप्ट करणारा विषाणू आला तर तोही दोन्हीकडे एकदमच पोहोचतो. हेच सिंकचे, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरच्या फाइल आपोआप सारख्या ठेवण्याचे. सिंकथिंग हे उत्तम सॉफ्टवेअर आहे, मी ते रोज वापरतो. पण फोनवर पुसलेला फोटो संगणकावरूनही पुसणे हे त्याचे कामच आहे, म्हणून त्याला बॅकअप समजू नये. कुटुंबाच्या सर्व्हरला एक दिवस बंद राहणे परवडते, जुनी आवृत्ती नसणे परवडत नाही. तेव्हा एक डिस्क रोजच्या वापराला ठेवा, दुसरी फक्त बॅकअपला ठेवा, आणि पुढच्या खर्चात पहिला मान तिसऱ्या डिस्कला द्या, जी दुसऱ्या इमारतीत राहील. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम हेच सांगतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. वेगळे ठिकाण म्हणजे खरोखर वेगळे. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांचे सर्व्हर आणि त्यांचे बॅकअप एकाच आवारात असल्याने दोन्ही जळाले.

बॅकअपसाठी रेस्टिक किंवा बोर्ग या सॉफ्टवेअरपैकी एक निवडा. दोन्ही फाइलचे तुकडे करून सारखे तुकडे एकदाच साठवतात, त्यामुळे रोजची नवी आवृत्ती ठेवूनही जागा फारशी लागत नाही. आणि दोन्ही एन्क्रिप्ट करून लिहू शकतात, त्यामुळे तिसरी प्रत नातेवाइकाकडच्या डिस्कवर किंवा परक्या क्लाउडवर ठेवली तरी तिथल्या कोणाला ती वाचता येत नाही. म्हणजे क्लाउड पूर्णपणे सोडायची गरज नाही. तो फक्त कुलूपबंद पेटी ठेवण्याची जागा होतो. दोन्हींमध्ये फक्त भर घालू देणारी, जुने पुसू न देणारी व्यवस्था करता येते. ती जरूर करा, कारण सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस पहिल्यांदा बॅकअप पुसतो. पहिली दूरची प्रत शक्यतो इंटरनेटवरून पाठवू नका. चढवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल, तर एक टेराबाइट जायला अखंड साडेचार दिवसांहून अधिक लागतात. पहिली प्रत डिस्कवर करून ती डिस्क हाताने नेऊन ठेवावी, आणि नंतरचे रोजचे बदल तेवढे वाहू द्यावेत.

बॅकअप चालू आहे आणि बॅकअप परत येतो, या दोन विधानांत किती अंतर असते ते मी एका कार्यालयात अनुभवले. तिथे रोज रात्री ठरल्या वेळी बॅकअप होत असे, नोंदवहीत चौदा महिने सगळे हिरवे होते. डिस्क बिघडली, नवी आणली, फाइल परत आणल्या, आणि डेटाबेस सुरूच होईना. कारण साधे होते : डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइलची नुसती नक्कल घेतली जात होती, त्यामुळे कोणत्याही रात्रीच्या प्रतीत काही पाने जुनी आणि काही नवी होती. ती व्यवस्था मीच लावलेली होती, आणि चौदा महिन्यांत एकदाही मी ती परत उभी करून पाहिली नव्हती. सुदैवाने एका कर्मचाऱ्याने हिशेबासाठी आठवडाभरापूर्वी वेगळी निर्यात काढून ठेवली होती, तिच्यावर निभावले. मोठ्या लोकांचेही हेच होते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची फोल्डर चुकून पुसली गेली, आणि बॅकअपच्या ज्या अनेक पद्धती लावून ठेवल्या होत्या त्यांतली एकही धडपणे चालत नव्हती असे तेव्हा लक्षात आले. एका पद्धतीत डेटाबेसच्या आवृत्त्या जुळत नसल्याने बॅकअप रोज अपयशी ठरत होता, आणि ते कळवणारे ईमेल नाकारले जात असल्याने कोणाला कळत नव्हते. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर, म्हणजे त्या क्षणीच्या प्रतीवर, ते तरले. त्यांनी हे सगळे जाहीरपणे लिहिले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

यातून घ्यायचा तपशील असा : डेटाबेसची आधी रीतसर निर्यात काढायची, पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर त्याच्या पीजी-डंप या साधनाने, आणि मग ती निर्यात आणि फाइल दोन्ही एकत्र बॅकअपमध्ये घ्यायच्या. फाइल, दिनदर्शिका आणि पत्ते सांभाळणारे नेक्स्टक्लाउड असेल तर डेटाची फोल्डर, डेटाबेस आणि कॉन्फिग (मांडणीची) फाइल ही तिन्ही हवीत. कॉन्फिग फाइलमधल्या गुप्त किल्ल्या हरवल्या तर काही गोष्टी उघडत नाहीत. इमिच या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो फोल्डरमध्ये असतात, पण अल्बम आणि ओळखलेले चेहरे डेटाबेसमध्ये असतात. बॅकअप यशस्वी झाल्याचा निरोप येण्यापेक्षा तो झाला नाही तर इशारा येईल अशी व्यवस्था लावा, कारण न आलेल्या निरोपाकडे माणसाचे लक्ष जात नाही. आणि दर तीन महिन्यांनी एकदा, दुसऱ्या संगणकावर, सगळे परत उभे करून दहा-बारा फोटो आणि दोन-चार कागदपत्रे उघडून पाहा.

शक्य असेल तर रोजच्या वापराच्या डिस्कवर झेडएफएस किंवा बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडण्याची पद्धत, घ्या. प्रत्येक तुकड्याची पडताळणीची बेरीज त्या सांभाळतात, आणि महिन्यातून एकदा पूर्ण डिस्क वाचून तपासली की नकळत बिघडलेली फाइल वेळेत कळते. आरसा नसल्याने ती आपोआप दुरुस्त होणार नाही, पण बॅकअपमधून चांगली प्रत आणता येते.

दुसरा विषय बाहेरून येणाऱ्यांचा, आणि इथे माझे मत ठाम आहे : कुटुंबाच्या सर्व्हरचा वेब पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलची माय बुक लाइव्ह ही घरगुती साठवण यंत्रे जगभर दूरवरून कोरी केली गेली. त्यांना २०१५ नंतर अपडेट मिळाले नव्हते आणि ती थेट इंटरनेटला जोडलेली होती. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅप कंपनीच्या इंटरनेटला उघड्या साठवण यंत्रांवरील फाइल एन्क्रिप्ट केल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओनक्लाउड या स्वतः चालवायच्या क्लाउड सॉफ्टवेअरच्या एका जोडणीत अशी त्रुटी जाहीर झाली की कंटेनरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या बंदिस्त पेटीत, चालणाऱ्या काही ठिकाणी प्रशासकाचा पासवर्ड थेट बाहेरून वाचता येत होता. यातली माणसे निष्काळजी होती असे मी म्हणणार नाही. ती तुमच्यासारखीच होती, आपला डेटा आपल्याकडे असावा म्हणून धडपडणारी. त्यांचा दरवाजा फक्त रस्त्यावर उघडत होता.

यावर वायरगार्ड हा खासगी, एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीचा (व्हीपीएनचा) उपाय मला सर्वांत पटतो. मार्च २०२० मध्ये लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ५.६ आवृत्तीपासून ते तिच्या कर्नेलचाच, म्हणजे गाभ्याचाच, भाग झाले आहे. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला ते काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. कुटुंबातल्या प्रत्येक फोनवर एकदा किल्ली बसवली की बाहेर असतानाही सर्व्हर घरातल्यासारखा वापरता येतो. तुमच्या राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे, आणि बाहेरून थेट जोडणी होणार नाही. अशा वेळी वायरगार्डवर आधारलेली टेलस्केल ही सेवा किंवा तिचाच स्वतः चालवता येणारा पर्याय हेडस्केल उपयोगी पडतो. क्लाउडफ्लेअर कंपनीच्या बोगद्याचा, म्हणजे तिच्या सर्व्हरमधून जाणाऱ्या जोडणीचा, सल्लाही अनेक जण देतात. तो सोयीचा आहे, पण एन्क्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर उघडून पुन्हा बंद केले जाते, म्हणजे मधल्या टप्प्यात तुमचा मजकूर त्यांना वाचता येऊ शकतो. ज्या कारणासाठी तुम्ही हा खटाटोप करत आहात ते पाहता, हे माहीत असून निवडणे वेगळे आणि नकळत निवडणे वेगळे.

एक बारीक खाच इथेच सांगतो, कारण तिच्यात चांगले जाणकारही अडकतात. उबंटू या लिनक्सच्या प्रकारावर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल लावून सगळे पोर्ट बंद केले, आणि मग कंटेनर चालवणाऱ्या डॉकरमध्ये एखादी सेवा ‘८०८०:८०’ असे (यंत्राचा पोर्ट ८०८०, सेवेचा ८०) लिहून सुरू केली, तर तो पोर्ट उघडा राहतो. डॉकर आपले नियम परस्पर टाकतो आणि यूएफडब्ल्यूच्या यादीत त्याचा मागमूस दिसत नाही. यंत्र भाड्याचे असेल तर ती सेवा थेट जगाला दिसते; घरी राउटर आड असतो, पण त्याच वायफायवरचे प्रत्येक यंत्र तिथे पोहोचते. उपाय सोपा आहे : त्या ओळीत पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहायचे, म्हणजे सेवा फक्त त्याच यंत्रापुरती राहते आणि तिच्यापर्यंत जाण्याचा मार्ग रिव्हर्स प्रॉक्सीतूनच, म्हणजे आलेली विनंती योग्य सेवेकडे नेणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरमधूनच, उरतो. आणि फायरवॉलने काय सांगितले यावर न थांबता, फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून स्वतःच्या पत्त्यावर पोर्ट तपासून पाहावेत.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली जोडणी एन्क्रिप्ट करायला लागणारी लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रे घेताना डीएनएसद्वारे, म्हणजे डोमेन नावाच्या नोंदींतून, पडताळणी निवडली, तर एकही पोर्ट न उघडता प्रमाणपत्र मिळते. मात्र दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत जाते आणि ती कोणीही शोधू शकतो. ‘फोटो’, ‘बँक-कागद’ अशी उपनावे (सबडोमेन) तिथे दिसू नयेत म्हणून सर्व उपनावांसाठी मिळून एकच, तारांकित प्रमाणपत्र घ्यावे.

यंत्र चोरीला जाण्याचा प्रश्न डिस्क एन्क्रिप्शनने सुटतो. लिनक्सवर लक्स वापरा. वीज जाऊन आली की सर्व्हर पासवर्ड मागत थांबतो, ही त्याची अडचण आहे; ती सोसावी किंवा दूरवरून पासवर्ड देण्याची सोय बसवावी. आणखी एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही : हमीत असलेली डिस्क बिघडली तर ती निर्धास्तपणे परत पाठवता येते. एन्क्रिप्ट न केलेली मृत डिस्क पाठवताना हात कचरतो, कारण पुसण्याइतकीही ती चालत नसते.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. त्याची निवड करताना मी एकच कसोटी लावतो : हे सॉफ्टवेअर आज बंद केले आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली, तर माझा डेटा मला वाचता येईल का? नेक्स्टक्लाउडमध्ये फाइल आपल्या मूळ नावाने फोल्डरमध्ये असतात, दिनदर्शिका आणि पत्ते कॅलडॅव्ह व कार्डडॅव्ह या खुल्या पद्धतींनी बाहेर काढता येतात. कागदपत्रांसाठीचे पेपरलेस-एनजीएक्स मूळ पीडीएफ जपून ठेवते. इमिचमध्ये साठवणीचा साचा आधीच ठरवून घ्या, म्हणजे फोटो वर्ष-महिना अशा वाचता येणाऱ्या फोल्डरांत राहतात. परवानाही पाहा. नेक्स्टक्लाउड हे २०१६ मध्ये फ्रँक कार्लिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओनक्लाउडपासून वेगळे काढले. त्यांना हे करता आले ते कोड खुल्या परवान्याखाली होता म्हणून, आणि वापरणाऱ्यांना आपला डेटा घेऊन त्यांच्याबरोबर जाता आले तेही त्यामुळेच.

सेवा एका वेळी एक आणा. आधी फाइल आणि कागदपत्रे, मग फोटो, मग पत्ते आणि दिनदर्शिका. पासवर्ड सर्वांत शेवटी, कारण बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेत ते तुमच्याच यंत्रावर एन्क्रिप्ट होऊन जातात. तिथे स्वतःच्या सर्व्हरने मिळणारी गोपनीयतेची भर थोडी आणि चूक झाल्यास नुकसान मोठे. त्याच धर्तीचे, स्वतः चालवता येणारे व्हॉल्टवॉर्डन चालवायचेच ठरवले तर एक फास टाळा : बॅकअपचा पासवर्ड व्हॉल्टवॉर्डनमध्ये, आणि व्हॉल्टवॉर्डन त्या बॅकअपमध्ये. सर्व्हर गेला की दोन्ही एकमेकांच्या आत अडकून बसतात. बॅकअपचा पासवर्ड कागदावर हवा, आणि तो कागद सर्व्हरच्या खोलीत नसावा. ईमेल सर्व्हर मात्र स्वतः चालवू नका. अनेक इंटरनेट कंपन्या ईमेल पाठवण्याचा २५ क्रमांकाचा पोर्ट बंद ठेवतात, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची खात्री पटवणाऱ्या तिन्ही व्यवस्था बिनचूक लावूनही अनोळखी पत्त्यावरून आलेले पत्र स्पॅममध्ये पडू शकते, आणि ते पडल्याचे तुम्हाला कळत नाही. त्याऐवजी स्वतःचे डोमेन नाव घ्या, ईमेल एखाद्या चांगल्या सेवेकडे ठेवा आणि पत्रांची प्रत आयमॅप या पत्रे वाचण्याच्या पद्धतीने नियमित उतरवून घ्या. सेवा आवडली नाही तर पत्ता न बदलता दुसरीकडे जाता येते. त्या डोमेनचे नूतनीकरण मात्र कधीही चुकवू नका, कारण नाव दुसऱ्याने घेतले की तुमच्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची पत्रे त्याच्याकडे जातील.

जुन्या क्लाउडवरून फोटो आणताना घाई नको. गूगलच्या टेकआउट या डेटा उतरवून घेण्याच्या सोयीतून फोटो काढले की अनेक तपशील, त्यात हाताने दुरुस्त केलेल्या तारखा आणि ठिकाणेही येतात, प्रत्येक फोटोशेजारच्या जेसन या तपशिलांच्या फाइलमध्ये वेगळे मिळतात. नुसते फोटो उचलून नव्या ठिकाणी टाकले तर ते तपशील मागेच राहतात, आणि ज्या फोटोंच्या आत तारीख नाही, जसे की स्कॅन केलेले जुने फोटो किंवा निरोपांतून आलेले, ते आजच्या तारखेला जाऊन बसतात. इमिच-गो हे साधन या जेसन फाइल वाचून तपशील जुळवते. काम झाल्यावर दोन्हीकडची संख्या वर्षवार ताडून पाहा, आणि जुने खाते निदान सहा महिने जिवंत ठेवा.

देखभालीसाठी महिन्यातली एक संध्याकाळ राखून ठेवावी लागेल. कंटेनरच्या नावापुढे ‘लेटेस्ट’ न लिहिता नेमकी आवृत्ती लिहा, अपडेट करण्यापूर्वी बदलांची टिपणे वाचा आणि बॅकअप घ्या. नेक्स्टक्लाउडची मुख्य आवृत्ती ओलांडून पुढे उडी मारता येत नाही, एकेक पायरी चढावी लागते. पोस्टग्रेसच्या कंटेनरचा आकडा १५ चा १६ केला तर तो जुना डेटा उघडत नाही, आधी निर्यात आणि मग आयात करावी लागते. सरासरी २० वॅट घेणारे यंत्र वर्षभर चालू राहिले तर सुमारे १७५ युनिट वीज लागते. जुना डेस्कटॉप याच्या दुप्पट-तिप्पट घेऊ शकतो, तेव्हा मोजून पाहा. छोटा यूपीएस जोडा.

राहिला कुटुंबाचा प्रश्न, ज्याबद्दल तांत्रिक मार्गदर्शिकांत क्वचितच वाचायला मिळते. सर्व्हर तुमच्या हाती आला की घरातल्या इतरांसाठी सेवा देणारी कंपनी तुम्ही असता. नेक्स्टक्लाउडच्या नेहमीच्या मांडणीत प्रशासक कोणाचाही पासवर्ड बदलू शकतो आणि डिस्कवरच्या फाइल सरळ वाचू शकतो. पत्नीच्या वैद्यकीय अहवालांवर, मोठ्या झालेल्या मुलीच्या फोटोंवर तुमची अशी पोहोच असणार आहे, हे त्यांना आधी सांगा आणि त्यांची संमती खरोखर विचारा. कोणाला आपला डेटा कंपनीकडेच ठेवावासा वाटला तर तो त्यांचा हक्क आहे. ज्यांना तुमच्या सर्व्हरवर यायचे आहे पण काही फाइल फक्त स्वतःपुरत्या ठेवायच्या आहेत, त्यांना क्रिप्टोमेटर बसवून द्या आणि त्याचा पासवर्ड तुम्ही विचारू नका.

आणि तुम्ही नसाल तेव्हाचे काय? यासाठी मी प्रत्येक कुटुंबाकडून दोन पानांचा कागद लिहून घेतो : कोणते यंत्र काय करते, बॅकअपच्या डिस्क कुठे आहेत, त्यांचे पासवर्ड, आणि फोटो व कागदपत्रे एका साध्या डिस्कवर कशी उतरवायची याच्या पायऱ्या. त्यात सर्व्हर पुढे चालवण्याच्या सूचना नसतात, कारण दुःखात असलेल्या माणसाने लिनक्स शिकावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. त्याला फक्त डेटा सुखरूप बाहेर काढता यायला हवा. एका कुटुंबात आम्ही हा कागद तपासला तेव्हा त्या बाईंनी बॅकअपची डिस्क लॅपटॉपला जोडली, पहिल्या तीन पायऱ्या पार केल्या आणि चौथ्यावर थांबल्या. कागदावर ‘रिपॉझिटरी माउंट करा’ एवढेच लिहिले होते. त्यांच्या पतींचा हात माउसकडे जाऊ लागला, तेव्हा मी त्यांना थांबवले. ती ओळ आम्ही खोडली, तिच्या जागी टाइप करायची आज्ञा अक्षरशः लिहिली, आणि त्या पुन्हा पहिल्यापासून बसल्या. चाळीस मिनिटांनी त्यांनी मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो स्वतः उघडला. तुमच्या त्या दोन डिस्कवर सगळा डेटा नेण्यापूर्वी शंभर-दोनशे फोटो घेऊन एवढी एक तालीम करा, आणि तालमीच्या वेळी डिस्क तुमच्याऐवजी घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात असू द्या.